बाहेरच्या खोलीतला कीबोर्ड

माझ्या बायकोचा कीबोर्ड एकवीस वर्षं माळ्यावर पडून होता, आणि ती गेल्यावर मी तो खाली काढला. याला शहाणपण म्हणत नाहीत हे मलाही कळतं. पण तिची माफी मागायची राहून गेली होती, आणि मला तोंडानं माफी मागता येत नाही. कधीच आली नाही. सगळी नोकरी सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला गेली. बिघडलेली वस्तू चालू करून द्यायची, एवढंच मला जमतं. म्हणून ठरवलं, वर्षश्राद्धाच्या आत हा कीबोर्ड चालू करायचा, आणि तिच्या टेबलावर, तिच्या खिडकीपाशी पुन्हा ठेवायचा.

आमच्या घरी आला तेव्हाच तो म्हातारा होता. शहरातला एक छापखाना बंद पडत होता, त्यांच्याकडचा वापरलेला कॉम्प्युटर बायकोनं घेतला, त्याच्यासोबत हा आला. परदेशी माल. वरून पिवळट पडलेलं जाड प्लास्टिक, आत लोखंडी पत्रा, आणि वजन असं की एका हातानं उचलायला गेलं तर मनगट दुखायचं. हल्लीच्या कीबोर्डात सगळ्या बटणांखाली मिळून एकच रबराचा पडदा असतो. याच्यात प्रत्येक बटणाला वेगळी स्प्रिंग, वेगळी दांडी. बटण दाबलं की ते खाली जाऊन बुडाशी आदळायचं. टाक. शंभरावर एक बटणं होती आणि प्रत्येकाला आपापला टाक होता.

बायको निफाडकडची. लग्नाआधी तिनं टाइपरायटरवर मराठीच्या परीक्षा दिल्या होत्या, आणि बोटांना सवय तीच होती. म्हणून हा ठणठणीत कीबोर्ड तिला फार आवडायचा. "याच्यावर बोटाला कळतं, अक्षर लागलं म्हणून," असं ती म्हणायची. इंग्रजी अक्षरं छापलेल्या त्या बटणांवर खाली न बघता ती धडाधड मराठी काढायची. लग्नपत्रिका, तहसीलचे अर्ज, भाडेकरार, सोसायट्यांची पत्रं, काय येईल ते. द्राक्षं उतरली की तिच्या माहेरच्या बाजूची माणसं पत्रिकेचा मजकूर खिशात घालून मोटारसायकलवर यायची. "मॅडम आहेत का?" म्हणून विचारायची, आणि मी लुंगीवर दार उघडून "आहेत" म्हणायचो.

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खिडकीशी तिचं टेबल, आतल्या खोलीत पलंग, मधे एक दार. मी बरीच वर्षं रात्रपाळीला होतो. सकाळी आठला घरी यायचो, काहीतरी खाऊन नऊला आडवा व्हायचो, आणि दहाला बाहेर टाक-टाक सुरू व्हायची. माझा स्वभाव मुळातच तिरसट, त्यात झोप अर्धवट. आतून ओरडायचो. ती थांबायची, पंधरा मिनिटांनी हळूहळू पुन्हा सुरू करायची. काम अंगावर असायचं, माणसं संध्याकाळी न्यायला येणार असायची, ती तरी काय करणार. तिनं कीबोर्डाखाली चादरीची घडी घातली. दाराच्या फटीत जुनं पातळ कोंबलं. दुपारी मी उठलो की चहाचा कप हातात देताना विचारायची, "आज लय वाजलं का हो?"

"वाजतंच ते," मी म्हणायचो.

हे रोजचं होतं. ती रोज विचारायची आणि मी पेपरातून मान वर न काढता रोज तेच उत्तर द्यायचो. तिच्या विचारण्याकडे मी कधी नीट लक्षच दिलं नाही. चहात साखर झाली का असं विचारतात, तसलंच काहीतरी समजायचो.

त्याच दिवसांतली आणखी एक गोष्ट मला अलीकडे आठवली. बायको मोठी, मरून रंगाची मखमली टिकली लावायची. तिच्या गोल चेहऱ्याला ती शोभायची, आणि हे मी तिला कधी सांगितलं नसलं तरी मला आवडायची. मधे बरेच महिने ती टिकली दिसेना. कपाळावर पेन्सिलीनं काढलेला एक बारीक ठिपका. मी म्हटलं, "अगं, मी जिवंत आहे अजून."

"संपल्यात टिकल्या," ती हसून म्हणाली. "भद्रकालीच्या बाजारात गेले की आणते."

पुढं आणल्या असतील. मी काही पाहायला गेलो नाही.

आता तो दिवस सांगतो. आमच्या कारखान्यात नवीन मशिनं आली होती, कॉम्प्युटरवर चालणारी. ती शिकायला माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान दोघांना पाठवायचं ठरलं, आणि मला सकाळी पाळी सुटताना सांगितलं की तुम्ही आता कायम रात्रीलाच राहा, जुन्या मशिनींना तुमचाच हात लागतो. सांगणाऱ्यानं ते कौतुक केल्यासारखं सांगितलं. मी बसमध्ये खिडकीला डोकं टेकून घरी आलो. बाहेरच्या खोलीत निफाडकडची दोन माणसं बसलेली, हातात चहा. बायको कॉम्प्युटरपुढं. "मॅडम, एवढं आजच्या आज पाहिजे होतं बरं का," असं त्यातला एक म्हणत होता. मी कुणाशी न बोलता आत गेलो, दार लावलं आणि पडलो.

झोप आली नाही. तासाभरानं मी उठलो, दार उघडलं आणि त्या दोघांच्या देखत कीबोर्डाची वायर हिसडून काढली. "या टकटकीनं जीव घेतलाय माझा," मी म्हणालो. "बंद कर तुझं हे दुकान." माणसं उठून उभी राहिली. कुणी कुणाकडं बघेना.

बायको माझ्याकडं बघत होती. तिनं अगदी हळू विचारलं, "वाजलं?"

"मग? बहिरा आहे का मी?"

तिनं मान वळवली. त्या दोघांना म्हणाली, उद्या या, तयार ठेवते. मग तिनं कीबोर्ड आपल्या जुन्या साडीत गुंडाळला, सुतळीनं बांधला, आणि स्टुलावर चढून तो माळ्यावर मी ठेवला. चढताना मला बरं वाटत होतं, हे लिहायला आज लाज वाटते. त्या दिवशी माझा राग कारखान्यावर होता. आणि खरं सांगायचं तर थोडा तिच्यावरही होता, कारण माझ्या घरात बसून ती मॅडम झाली होती आणि मी रात्रीच्या जुन्या मशिनींचा राहिलो होतो.

तिनं रबराचा मऊ कीबोर्ड आणला. त्याचा आवाज येत नव्हता. पण तिचं त्याच्यावर जमेना. "बोटाला काही कळतच नाय," असं ती एकदा म्हणाली. कुठं अक्षर राहायचं, कुठं दोनदा उमटायचं. एका पत्रिकेत नवऱ्या मुलाच्या आजोबांचं नाव चुकलं, पत्रिका छापून झाल्यावर ते लक्षात आलं, आणि त्या घरची माणसं परत आली नाहीत. दोनेक वर्षांत तिनं काम थांबवलं. लोकांना मी सांगायचो, आता मोबाइल आले, टायपिंगला कोण येतंय. मोबाइलवर लिहिणं पुष्कळ नंतर आलं. मला ते माहीत होतं.

कीबोर्डाचा विषय तिनं पुन्हा एकदाच काढला. दिवाळीची झाडझूड चालली होती. वर माळ्याकडं बघत म्हणाली, "उंदरांनी खाल्लं असेल का हो त्याला?" मी म्हटलं, "पत्रा कोण खातंय." ती बरं म्हणाली आणि झाडू घेऊन दुसरीकडं वळली.

गेल्या वर्षी तिला तापाचं निमित्त झालं. दहा दिवस दवाखान्यात होती, अकराव्या दिवशी घरी आणली ती न्यायलाच. बायकांनी तिचं कपाळ कुंकवानं भरलं. तेरावं झाल्यावर मुलगी पुण्याला परत निघाली तेव्हा तिनं आईचं कपाट आवरायला घेतलं. कपाटाच्या आरशाच्या कडेला तीन मरून टिकल्या चिकटवलेल्या होत्या. मुलगी त्या काढायला लागली तर मी म्हटलं, राहू दे. आमच्यात एवढंच बोलणं झालं.

माळा मी पावसाळा संपल्यावर उघडला. साडीची गाठ सुटेना, कापावी लागली. उंदरांनी साडीचं एक टोक कुरतडलं होतं, कीबोर्डाला हात लावला नव्हता. मी तो तिच्या टेबलावर ठेवला आणि चष्मा पुसून बघत बसलो. बटणांवर तिच्या बोटांची झीज होती. काही बटणं अशी गुळगुळीत झाली होती की वरचं अक्षर पुसून गेलेलं.

मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, नवा आणून देते ना. त्याचं काय करणार?" मी म्हटलं, तुला नाही कळायचं. तिला राग आला असावा, पण मला समजावून सांगता येत नव्हतं.

आधी जोडणी बघितली. जुनी गोल पिन, हल्लीच्या कॉम्प्युटरला तिचं भोकच नसतं. एमजी रोडला फिरून एक जोडणारा तुकडा मिळवला. दुकानदार म्हणाला, "काका, हा संग्रहालयात द्या." मुलीनं इथं ठेवलेल्या जुन्या लॅपटॉपला जोडून बघितलं तर निम्मी बटणं मेलेली. वायर आतून तुटली होती, ती डाग देऊन जोडली. कॉन्टॅक्टवर गंज चढला होता, तो स्पिरिट आणि दात घासायच्या जुन्या ब्रशनं काढला. दोन स्प्रिंगा गेल्या होत्या, त्या बॉलपेनमधल्या कापून बसवल्या. हे सगळं करताना मला फार दिवसांनी भूक लागत होती. सकाळी उठून टेबलाशी बसावंसं वाटत होतं.

मग बटणं. बाइंडिंगच्या तारेचा आकडा केला आणि एकेक बटण वर उपसलं. वरच्या ओळीपासून सुरुवात केली. प्रत्येक बटणाच्या पोटात एक पोकळ खुंटी असते, ती खालच्या दांडीवर बसते. त्या खुंटीभोवती काहीतरी काळपट, चपटं, चिकट गुंडाळलेलं होतं. मी ते नखानं खरवडून बघितलं. वाटलं, कंपनीचे वॉशर असणार, जुने झाले, कुजले. कारखान्यात अशी कुजकी पॅकिंग आम्ही बादल्या भरून काढलेली आहेत. मी बटणं कोमट पाण्यात कपड्यांची पावडर घालून भिजत टाकली. संध्याकाळपर्यंत पाणी तपकिरी झालं आणि तळाशी गाळ बसला. तो गाळ मी मोरीत ओतला. वर आणखी दोन बादल्या पाणी ओतलं, मोरी तुंबू नये म्हणून. चार दिवसांत ओळीमागून ओळ अशी जवळजवळ सगळी बटणं धुऊन निघाली. शेवटी राहिली उजवीकडची आकड्यांची सतरा बटणं आणि खालची लांब पट्टी, शब्दांमधली जागा सोडायची. तिच्या पोटात एक तार अडकवलेली असते, ती काढायला नाजूक, म्हणून ती मी मागं ठेवली होती.

धुतलेली बटणं वाळवून बसवली, लॅपटॉप लावला आणि दाबून बघितलं. टाक. टाक. टाक. सगळी लागत होती. आणि आवाज तोच. माझ्या झोपेत घुसायचा तोच आवाज. मी मुलीला फोन लावला आणि दुसऱ्या हातानं बटणं बडवली. "बाबा, काय ठोकताय?" पुण्यातून तिनं विचारलं. मी म्हटलं, "तुझ्या आईचा कीबोर्ड आहे." मला वाटलं, झालं आपलं काम. फोन ठेवल्यावर मी रडलो, पण त्या रडण्यात सुख होतं.

दुसऱ्या दिवशी उरलेली आकड्यांची बटणं काढायला बसलो. हा भाग ती जवळजवळ वापरत नसे. पहिलं बटण वर आलं आणि माझा हात थांबला. खुंटीभोवती जे होतं ते इथं काळं नव्हतं, चिकट नव्हतं. मरून होतं, मखमली होतं. गोल टिकली, मधोमध भोक पाडलेली. एक नव्हे, दोन, त्यांच्या गोंदाच्या बाजू एकमेकींना चिकटवलेल्या, म्हणजे वरूनही मखमल आणि खालूनही मखमल. भोक बरोबर खुंटीच्या मापाचं. टेबलाच्या खणात तिचं कागदांना भोक पाडायचं यंत्र होतं. ते काढलं, भोक लावून बघितलं. माप तेच.

मी उठून कपाटाच्या आरशाशी गेलो आणि ते बटण आरशावरच्या टिकलीशेजारी धरलं. रंग तोच, मखमल तीच.

माझा आवाजाचा त्रास जावा म्हणून तिनं आपल्या टिकल्यांचे वॉशर केले होते. एकशे एक बटणांना, एकेक करून, प्रत्येकी दोन. आमच्या कारखान्यातल्या कुठल्याही फिटरला हे सुचलं नसतं. मला तर नाहीच. आणि तिचं ते सगळं काम मी पावडरीच्या पाण्यात भिजवून मोरीत ओतलं होतं, वर दोन बादल्या पाणी घालून.

तरी मी स्वतःला सांगितलं, हे तिनं त्या दिवसानंतर केलं असेल. माझ्या ओरडण्यानंतर कधीतरी कीबोर्ड खाली काढून केलं असेल आणि पुन्हा वर ठेवला असेल. माणूस स्वतःला सोडवायला काहीही रचतो. मी लांब पट्टी उपसली. तिच्या पोटात तीन खुंट्या होत्या आणि तिन्हींना टिकल्या होत्या, पण त्यांची मखमल पार झिजली होती. चामड्यासारखी कडक, चपटी झालेली, आणि त्यांच्यावर दांडीच्या कडेचा गोल वण खोल उमटला होता. आकड्यांच्या बटणांखालच्या टिकल्या फुललेल्या आणि या अशा. झिजलेलं पॅकिंग बघून ते किती चाललंय हे सांगणं माझं पोट भरायचं काम होतं. साहेब लोक मला बोलावून विचारायचे. हे पॅकिंग रोजच्या वापरात निदान सहा महिने चाललेलं होतं.

सहा महिने तरी ती टिकल्या घालून टाइप करत होती. पेन्सिलीचा ठिपका लावून हिंडत होती. आणि रोज दुपारी मला विचारत होती, आज लय वाजलं का हो. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. आणि मी म्हणत होतो, वाजतंच ते.

त्यानंतर माझ्या डोक्यात एकच गोष्ट राहिली. त्या दिवशी ते वाजलं होतं की नाही? तासभर मी आत पडून होतो तेव्हा मला नक्की काय ऐकू येत होतं? आठवून आठवून डोकं दुखलं. टाक-टाक आठवायची, पण ती कालची मोकळी टाक-टाक होती की त्या दिवसाची, ते उमगत नव्हतं. आवाज खरंच येत असेल तर मी एक चिडका, झोपमोड झालेला नवरा ठरत होतो. तेवढं मला झेपलं असतं.

हे कळायचा मार्ग एकच होता. सगळं तिनं केलं होतं तसं परत करायचं.

भद्रकालीत बांगड्या-टिकल्यांच्या एका दुकानात गेलो. काउंटरवर म्हाताऱ्या चाची होत्या, डोक्यावर ओढणी. मला बघून म्हणाल्या, "बोलो बाबा, क्या चाहिए?"

"टिकल्या. मोठ्या. मखमलीच्या, मरून."

"आजकल कोई लेता नाय वो. सब को बारीक पाहिजे." त्यांनी खालचा खोका काढला, फुंकर मारली. "घरवाली के वास्ते?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो. पाकिटं भराभर घेत गेलो तसं त्या बघत राहिल्या. "इतनी? बरसों चलेगी उनको," त्या म्हणाल्या. मी पिशवी घेऊन निघालो आणि दुकानाच्या पायरीवर थोडा वेळ उभा राहिलो. एकट्या म्हाताऱ्या माणसानं पिशवीभर टिकल्या घेऊन शालिमार चौकापर्यंत चालत जाणं वाटतं तितकं सोपं नाही.

जवळजवळ दोनशे टिकल्या लागल्या. भोक मधोमध पडत नव्हतं, माझी बोटं जाड. सुरुवातीच्या वीस-पंचवीस वाया गेल्या. गोंदाच्या बाजू एकमेकींवर बरोबर बसवायला तर मला तिसरा दिवस उजाडला. ती हे कधी करत असेल? मी आत झोपलेला असताना, याच टेबलावर, आवाज न करता. पट्टीखालच्या आणि आकड्यांखालच्या टिकल्या तिच्याच होत्या. त्यांना मी हात लावला नाही.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी मुलगी आली. टेबलावरचा कीबोर्ड बघून तिनं त्याच्यावरून हात फिरवला. मी तिला बटण काढून आतली टिकली दाखवली नाही, काही सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर तिनं मला बरं वाटेल असंच उत्तर दिलं असतं, ती आईवर गेली आहे. माझे कान आता म्हातारे, कारखान्यानं खाल्लेले, त्यांच्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता. तिचे कान तरुण आहेत. त्या वेळी माझे होते तेवढेच तरुण.

सकाळचे दहा वाजले होते. मी म्हटलं, "आत जाऊन पलंगावर पड. दार लावून घे. मी बाहेर टाइप करतो. ऐकू आलं की हाक मार."

"कशाला?"

"दुरुस्ती तपासायचीय. जा."

ती गेली. दार लागलं. मी कीबोर्डाखाली चादरीची घडी घातली आणि दाराच्या फटीत पातळ कोंबलं. तिच्या खुर्चीत बसलो. मला मराठी टायपिंग येत नाही, तेव्हा समोर काय उमटत होतं ते देवालाही वाचता आलं नसतं. पण मनात शब्द होते. एकवीस वर्षं साठलेलं जे बायकोला सांगायचं होतं ते मी मनात म्हणत गेलो आणि एकेका शब्दाला दोन्ही हातांची बोटं आपटत गेलो. जोरात आपटत होतो. ती इतक्या जोरात कधीच दाबत नसे. मला हाक यायला हवी होती. मला मनापासून वाटत होतं की आतून ओरडावं, बाबा, ऐकू येतंय, बंद करा. एक पान भरलं. दुसरं भरलं. खिडकीतून ऊन टेबलावर आलं. हाक आली नाही.

मी उठलो आणि दार ढकललं. मुलगी पलंगावर डोळे मिटून पडली होती.

"वाजलं का?" मी विचारलं.

तिनं डोळे उघडले. "तुम्ही सुरू कधी करताय, बाबा? मी कधीची वाट बघतेय."

मी म्हटलं, "झालं माझं लिहून."